पाळणाघराचे पैसे कोणाच्या नावे?

दिवाळीत वहीपूजन झाले की व्यापारी घरांत नव्या वहीचे पहिले पान उघडते. आयकराच्या नियमामुळे हिशेबाचे वर्ष आता १ एप्रिलला सुरू होते. पण वहीला हळदकुंकू लागते ते दिवाळीतच. या वहीत गिऱ्हाइकाची उधारी, हमाली, वाहतूक, दिवाबत्ती, नोकरांचे पगार आणि दुकानातला चहासुद्धा वेगळा लिहिला जातो. महिन्याला चहावर ३०० रुपये अधिक गेले तर शेठजींच्या नजरेतून ते सुटत नाहीत. त्याच वहीत घराबद्दल मात्र एकच ओळ असते : ‘घरखर्च खाती नावे, रोख.’ गल्ल्यातून उचललेली ही रक्कम किराण्याला गेली, दवाखान्याला गेली, मुलांच्या शाळेला गेली की साडीला, याची नोंद कोठेच नसते. दुकानाच्या हिशेबात इतकी दक्ष असलेली माणसे घराच्या हिशेबात इतकी उदार का होतात, हे कोडे बँकेच्या टेबलापलीकडून व्यापारी घरे पाहणाऱ्यांना नेहमीच पडत आले आहे.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या एका ओळीने फारसे बिघडत नसे. घरातील कमाई एका ठिकाणाहून येई आणि खर्च एका हाताने होई. आता चित्र पालटले आहे. व्यापारी घरात येणारी सून बी.कॉम., एम.कॉम., संगणक पदवीधर किंवा सनदी लेखापाल असते. लग्न ठरतानाच ‘ती नोकरी करील’ असे दोन्हीकडून बोलून झालेले असते. पहिली एक-दोन वर्षे सारे सुरळीत चालते. मूल झाले, बाळंतपणाची रजा संपत आली, की प्रथमच घरात हिशेब मांडला जातो. आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या खात्यावर मांडला जातो.

एक उदाहरण घेऊन हा हिशेब पाहणे सोयीचे होईल. जयसिंगपूरसारख्या गावातील एक एकत्र कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. कापडाचे दुकान, दोघे भाऊ दुकानात. थोरल्याची दोन मुले शाळेत जाणारी. धाकट्याला चौदा महिन्यांची मुलगी. सासरे सकाळचे तीन-चार तास गल्ल्यावर बसतात. सासूबाईंचे वय बासष्ट, गुडघे दुखणारे. थोरली सून दुपारी दुकानात साड्यांचा विभाग सांभाळते. धाकटी सून सांगलीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात आहे. जाऊन-येऊन दिवसाला चोवीस किलोमीटर. तिचा एकूण पगार २८,००० रुपये, त्यात मूळ वेतन १५,०००.

भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. महाराष्ट्रात स्त्रियांना २५,००० पर्यंतच्या मासिक पगारावर व्यवसाय कर नाही. तिचा पगार त्याहून अधिक असल्याने २०० रुपये त्याचे जातात. (फेब्रुवारीत ३००.) या उत्पन्नावर आयकर लागत नाही. हातात येतात २६,०००. स्कूटरचे पेट्रोल आणि देखभाल मिळून २,००० धरावेत. कामावर नेसण्याचे कपडे, चपला, मोबाइल यांचे १,०००. कार्यालयातील चहा, कोणाचा वाढदिवस, कोणाचा निरोप समारंभ यांच्या वर्गणीचे ५००. पाळणाघराचे ६,५००. संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी बाई ठेवली तर तिचे ३,०००. सगळ्यांची बेरीज होते १३,०००. शिल्लकही १३,०००.

येथपर्यंतचे गणित घरातील कोणीही करतो. मग एखाद्या रात्री सर्व जण बसलेले असताना वाक्य येते : “तेरा हजारांसाठी एवढी धावपळ कशाला? तेवढे तर दुकानातून उचलून देऊ.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. तो सुनेला त्रासातून सोडवत असतो, अशीच त्याची समजूत असते. पण तिच्या कानांवर जे पडते ते वेगळे असते, तिची एम.कॉम.ची पदवी आणि सहा वर्षांची नोकरी यांची किंमत घराने तेरा हजार ठरवली, आणि तीसुद्धा गल्ल्यातून भागवता येण्याजोगी.

आता हाच हिशेब खतावणीच्या नियमाने तपासून पाहावा.

स्कूटर, कपडे, वर्गणी हे ३,५०० रुपये तिच्या नोकरीमुळेच होतात. ते तिच्या पगाराच्या नावे टाकणे योग्यच. पाळणाघराचे काय? मुलगी दोघांची आहे. वडीलही सकाळी नऊ ते रात्री नऊ घराबाहेर असतात. ते घरी राहिले असते तरी पाळणाघर लागले नसते. असे असूनही ‘पाळणाघर परवडते का’ हा प्रश्न केवळ आईच्या पगाराला विचारला जातो, वडिलांच्या दुकानाला विचारला जात नाही. धाकट्या भावाच्या सुरत-मुंबईच्या खेपा, तेथील मुक्काम, बाजारातील चहापाणी, संघटनेची वर्गणी हे सारे त्याच्या वाट्याच्या नफ्यातून वजा करून ‘उरलेल्यासाठी दुकानात जायचे कशाला’ असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. हिशेबाच्या दृष्टीने पाळणाघराचा खर्च आई-वडील दोघांच्या नावे निम्मा-निम्मा पडतो. स्वयंपाकाच्या बाईचे ३,००० रुपये तर घरातील सर्वांच्या पोळीभाजीचे आहेत. ते एकट्या धाकटीच्या नावे टाकण्याला कोणताही लेखापरीक्षक हरकतच घेईल.

अशी मांडणी केली तर तिच्या २६,००० तून ३,५०० आणि ३,२५० जाऊन १९,२५० उरतात. तिजोरीत पडणारी रोख यामुळे वाढत नाही, हे खरेच. नोकरी सोडली तर घराच्या हातात महिन्याला १३,००० कमी येतील, इतकाच रोखीचा फरक आहे. पण कोणता खर्च कोणामुळे, हे ठरल्याशिवाय निर्णय न्याय्य होत नाही, आणि घरातील रुसवेफुगवे बहुधा रोखीवरून होतही नाहीत. कोणाच्या नावे काय लिहिले यावरून होतात.

रोखीच्या पलीकडेही काही रकमा आहेत. कापले गेलेले १,८०० रुपये हा खर्च नसून तिची बचत आहे. मालकही तितकेच भरतो. त्यातील १,२५० निवृत्तिवेतन योजनेत आणि ५५० निधीत जातात. म्हणजे दरमहा २,३५० रुपये, वर्षाला २८,२०० रुपये तिच्या खात्यावर व्याजासह साठतात. दहा वर्षे सेवा भरली तर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. चौथ्या किंवा सातव्या वर्षी नोकरी सोडणाऱ्याला हा हक्क उरत नाही. दुकानात वर्षानुवर्षे बसणाऱ्या पुरुषांनाही असा हक्क नसतो, हे शेठजींनी एकवार ध्यानात घ्यावे.

मुलगी साधारण तीन वर्षांची होईपर्यंत पूर्ण वेळ पाळणाघर लागेल, म्हणजे अजून बावीस महिने. ६,५०० च्या दराने ही रक्कम १,४३,००० रुपये होते. आकडा लहान नाही. आता दुसरी बाजू. पगार दरवर्षी आठ टक्के वाढला असे समजले तर पाच वर्षांनी २८,००० चे सुमारे ४१,००० होतात. पाच वर्षे घरी राहून पुन्हा कामाला लागणारीस जुना पगार मिळाला तरी नशीब. मधल्या काळात करप्रणाली, संगणकाची साधने, सारेच बदललेले असते. जुना पगार मिळाला असे धरले तरी फरक महिन्याला १३,००० चा पडतो. पाळणाघरावरील सारा खर्च या फरकातून अकरा महिन्यांत भरून निघतो. आणि फरक त्यानंतरही चालूच राहतो. मधल्या पाच वर्षांचा पगार गेला तो निराळाच. क्लॉडिया गोल्डिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंना २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते स्त्रियांच्या रोजगाराचा आणि मिळकतीचा दोनशे वर्षांचा इतिहास उलगडल्याबद्दल. स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील तफावत मोठ्या प्रमाणात पहिल्या मुलाच्या जन्मानंतर रुंदावते, हे त्यांच्या अभ्यासातून दिसून आले. अमेरिकेचे हे निरीक्षण जयसिंगपूरच्या घरातही लागू पडते ते वर मांडलेल्या साध्या चक्रवाढीमुळे.

नवे दुकान घालणारा व्यापारी पहिल्या दोन वर्षांत नफा शोधत नाही. भाडे, फर्निचर, बिगारी, उधारीत अडकलेला माल यांतून जम बसायला वेळ लागतो हे त्याला पक्के ठाऊक असते. सुनेच्या नोकरीची पाळणाघराची दोन वर्षे त्याच नजरेने पाहता येतात.

अर्थात प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच येईल असे नाही. पगार १२,००० असेल तर निधी वजा जाता साडेदहा हजार हाती येतात. त्यातून प्रवासाचे ३,५०० आणि पाळणाघराचे ६,५०० गेले की पाचशे-साडेपाचशे रुपये उरतात, आणि तीन वर्षांत पगार किती वाढेल याचीही खात्री नसते. अशा ठिकाणी दोन वर्षे घरी बसून चार-सहा दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम घेतले तर मिळकतही अधिक होईल आणि हातातील कसबही जाणार नाही. हिशेब मांडावा तो उत्तर आधीच ठरवून नव्हे, इतकेच.

अनेक घरांत पाळणाघराचा प्रश्न उद्भवतच नाही, कारण आजी असते. ‘आजी आहे ना, मग पैसे कशाला घालवायचे?’ हे वाक्य मराठी घरांत इतके रुळले आहे की त्यातील हिशेबाची चूक दिसेनाशी झाली आहे. आजीचे काम फुकट नाही. त्याची नोंद होत नाही, एवढेच. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी एक मजेदार उदाहरण दिले होते. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकाम पाहणाऱ्या बाईशी विवाह केला तर देशाचे उत्पन्न कमी होते. काम तेच राहते, पगार मात्र थांबतो. आपल्याकडे २०१९ साली सरकारने केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत, घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. जी पाच तासांची मिनिटे स्त्रियांच्या वाट्याला आहेत, त्यांतील किती साठीच्या पुढील गुडघ्यांवर उभी आहेत, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते मोजावे.

चौदा महिन्यांच्या मुलीमागे दिवसाला नऊ तास धावणे हे बासष्ट वर्षांच्या बाईचे काम नाही. ती ‘नाही’ म्हणणार नाही. नातीची माया असते आणि सुनेपुढे कमीपणाही नको असतो. मग हळूहळू सकाळचे मंदिर चुकते, दुपारचे प्रवचन सुटते, गुडघ्याच्या डॉक्टरांकडची फेरी पुढे ढकलली जाते. दोन-तीन वर्षांनी शस्त्रक्रियेची वेळ आली की पाळणाघराचे वाचवलेले पैसे एका आठवड्यात रुग्णालयाच्या काउंटरवर भरावे लागतात. व्यवहार्य वाट मधली आहे. सकाळी नऊ ते दोन पाळणाघर. दुपारी मूल घरी येऊन झोपते तेव्हा आजीजवळ. पाळणाघराचा खर्च अर्ध्यावर येतो, आजीची सकाळ तिची तिला मिळते, आणि मुलीला आजीही मिळते. बचत झालेल्या रकमेतून सासूबाईंच्या नावे दरमहा आवर्त ठेव सुरू करावी. सुनेने सासूला पगार देणे कोणालाच रुचणार नाही, आणि तसे करूही नये. पण त्यांच्या एकट्यांच्या नावे ठेव असणे ही वेगळी गोष्ट. ज्येष्ठ नागरिकांना ठेवीवर साधारणपणे अर्धा टक्का व्याज अधिकच मिळते. साठी उलटलेल्या कितीतरी जैन गृहिणी लाखोंच्या उलाढालीच्या घरात राहतात आणि पाठशाळेला ५०० रुपये द्यायचे तरी मुलाकडे मागतात.

पाळणाघराचे नाव काढले की वडीलधाऱ्यांच्या मनात दुसरी शंका येते ती खाण्याची. ती रास्त आहे. तेथे बटाट्याची भाजी देतात का, पाणी गाळलेले असते का, शेजारच्या मुलाच्या डब्यात काय असते? यावर तोडगा सोपा आहे : डबा आणि पाणी घरून पाठवावे, आणि प्रवेश घेतानाच ते स्पष्ट सांगावे. चांगल्या पाळणाघरांना यात नवल वाटत नाही. खरी अडचण संध्याकाळी आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात हिवाळ्यात सहाच्या आत ताटे मांडावी लागतात; म्हणजे साडेचारला चूल पेटली पाहिजे. सांगलीत पावणेसहाला सुटणारी सून साडेसहाला घरी पोहोचते. तोपर्यंत घर जेवून बसलेले असते आणि तिचे जेवण एक तर कार्यालयातच दुसऱ्या डब्यातून साडेपाचला उरकावे लागते, नाहीतर त्या दिवसापुरते राहते. दोन डबे नेणाऱ्या अशा सुना आज अनेक घरांत आहेत. त्या दुसऱ्या डब्याची पोळी कोण करते, हा प्रश्न स्वयंपाकाच्या बाईच्या ३,००० रुपयांशी जोडलेला आहे, आणि म्हणूनच ती रक्कम चैन म्हणून छाटण्यापूर्वी विचार करावा. कार्यालयाशी बोलून सकाळी अर्धा तास लवकर जाणे व संध्याकाळी अर्धा तास लवकर निघणे जमले तर निम्मा प्रश्न सुटतो. विचारल्यावर कितीतरी वरिष्ठ होकार देतात.

कायद्याचा आधारही माहीत असावा. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावे, असेही त्या दुरुस्तीत आले. कारखान्यात पन्नासावर माणसे असतील तर सुनेने याची चौकशी संकोच न करता करावी. आणि ज्या वाचकांची स्वतःची पेढी, गिरणी वा शोरूम पन्नासावर गेली आहे, त्यांनी आपल्या लेकी-सुनांच्या मालकाकडून अपेक्षिलेली सोय आपल्याकडील स्त्री कर्मचाऱ्यांना आहे का, तेही पाहावे. आयकरात मात्र या खर्चाला जागा नाही. पगारदाराला नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची एकठोक प्रमाणित वजावट मिळते. पाळणाघर आणि रोजचा प्रवास वेगळा दाखवून वजा करता येत नाही.

एकत्र कुटुंबात याहून नाजूक प्रश्न पुढे येतो. पाळणाघराचे पैसे घराच्या समाईक खर्चातून जावेत की धाकट्या जोडप्याने भरावेत? थोरल्याच्या मुलांची शाळेची फी, बस, शिकवणी समाईक खात्यातून गेली. त्याबद्दल कधी कोणी बोलले नाही. मग धाकट्याच्या मुलीच्या पाळणाघराबद्दल चर्चा का, असे धाकटीला वाटते. थोरलीचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. ती दुपारी चार तास दुकानात उभी राहते, तिला पगार नाही. धाकटीचा पगार तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होतो, आणि वर पाळणाघर व स्वयंपाकीणबाई घराने द्यायची, हा कोणता न्याय? दोघींपैकी एकही चूक नाही. चूक वहीची आहे. जमा एका खात्यात आणि नावे दुसऱ्या खात्यात पडले की ताळा कधीच जमत नाही.

जमा ज्या खात्यात होते त्याच खात्यात नावे पडावे, हा नियम येथे उपयोगी पडतो. धाकटीने पगारातील ठरावीक हिस्सा घरखर्चात घातला तर पाळणाघर घरखर्चातून जावे. पगार सारा तिच्याकडे राहणार असेल तर पाळणाघर त्या जोडप्याने सोसावे. कोणतीही पद्धत चालेल. पण ती आधी ठरावी, सर्वांसमोर ठरावी आणि कागदावर यावी. काही घरांनी हिस्सा टक्क्यांत ठरवला आहे, ते अधिक सोयीचे. पगार वाढला की हिस्सा आपोआप वाढतो आणि पुन्हा बोलणी करावी लागत नाहीत.

थोरलीचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. तिचे चार तास दुकानाच्या नफ्यात दडलेले आहेत आणि ते तिच्या नावावर कोठेच दिसत नाहीत. यावर ‘तिला पगार लावून टाका’ हा सोपा वाटणारा उपाय सावधपणे करावा लागतो. दुकान पतीच्या एकट्याच्या मालकीचे असेल तर त्याने पत्नीला दिलेला पगार आयकरासाठी सामान्यतः पतीच्याच उत्पन्नात मिळवला जातो. पत्नीला तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि मिळकत त्या पात्रतेमुळेच असेल तरच अपवाद. भागीदारी पेढीत ती काम करणारी भागीदार असेल आणि करारपत्रात मेहनतान्याची तरतूद असेल, तर कायद्याच्या मर्यादेत तो मेहनताना पेढीच्या नफ्यातून वजा होतो. एप्रिल २०२५ पासून अशा रकमांवर वर्षाला २०,००० रुपयांच्या पुढे दहा टक्के उद्गम कर कापावा लागतो, तेही ध्यानात ठेवावे. करारपत्र बदलण्यापूर्वी आपल्या सनदी लेखापालाशी बसून बोलावे. कराचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी थोरलीच्या नावे दरमहा ठरावीक रक्कम बँकेत जमा होऊ लागली की जावाजावांतील कितीतरी गोष्टी न बोलता मिटतात.

आता पुन्हा त्या एका ओळीकडे. ‘घरखर्च खाती नावे, रोख.’ व्यापाऱ्याला कॅश क्रेडिट खाते असते आणि बहुतेकांची घरखर्चाची उचल त्याच खात्यातून होते. हे खाते म्हणजे बँकेने मालासाठी दिलेले कर्ज. समजा, जूनमध्ये थोरल्याच्या दोन मुलांची १,२०,००० रुपये फी या खात्यातून भरली आणि व्याजदर साडेदहा टक्के आहे. ती रक्कम वर्षभर भरून निघाली नाही तर १२,६०० रुपये व्याज पडते. फी एक लाख वीस हजारांची नसून एक लाख साडेबत्तीस हजारांची झाली, आणि हे कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण व्याज दुकानाच्या खर्चात लिहिले गेले. शिवाय कापडाच्या धंद्यात जून हा मंदीचा महिना. लग्नसराई उरकलेली, दिवाळीचा माल मागवायचा असतो. नेमक्या त्याच वेळी खात्याची मर्यादा शाळेने खाल्लेली असते. पुढे स्टॉक स्टेटमेंटमधील माल आणि खात्यावरील बाकी यांचा मेळ बसेना झाला की बँकेचा अधिकारी प्रश्न विचारतो, आणि त्याला शाळेच्या पावत्या दाखवता येत नाहीत. जूनची फी मागच्या जुलैतच माहीत असते. दरमहा १०,००० ची आवर्त ठेव काढली तर रक्कम जूनपर्यंत तयार होते आणि व्याज देण्याऐवजी मिळते.

घर आणि दुकान यांच्यामधला पडदा इतर ठिकाणीही विरलेला असतो. घरचा दूरदर्शन संच दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेतला जातो. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर कराची परतफेड घेता येत नाही, आणि तपासणीत ते सापडते. खाली दुकान आणि वर घर असेल तर वीजबिलाची विभागणी तरी ठरवावी.

अशा मिसळलेल्या घरात नियमित पगाराचे एक निराळेच मोल आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले आणि कित्येक दुकानांतील माल भिजून गेला. त्यातून सावरतात तोच २५ मार्च २०२० ला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, टाळेबंदी सुरू झाली. लग्नसराईचा सारा मोसम बंद शटरामागे गेला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. त्या काळात ज्या व्यापारी घरांत एखादा पगार चालू राहिला, तेथील स्वयंपाकघर त्या पगारावर चालले आणि दुकानाचे भांडवल खाण्याची वेळ आली नाही. गृहकर्जाच्या अर्जातही हेच दिसते. व्यापाऱ्याचे उत्पन्न वर्षागणिक वरखाली होते म्हणून बँक साधारणतः तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. सहअर्जदार म्हणून पत्नीची पगारपत्रे जोडली की अर्जाला भक्कम आधार मिळतो. ज्या पगाराला ‘तेरा हजारांसाठी’ म्हणून हिणवले जाते, त्याच्या आधारावर नवे घर उभे राहिल्याची उदाहरणे समाजात थोडी नाहीत.

नव्या वहीत घरखर्चाचे खाते फोडायचे असेल तर फार पसारा नको. किराणा व स्वयंपाकघर, शिक्षण व बालसंगोपन, आरोग्य, कामामुळे होणारा खर्च, आणि दानधर्म व समारंभ, एवढी पाच पाने पुरतात. दुकानातून घराला महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला एकच उचल द्यावी. मधल्या किरकोळ उचली बंद कराव्यात. पहिले तीन महिने कोणालाही काही न सुचवता केवळ लिहीत जावे. चौथ्या महिन्यात घरातील सर्व जण, सुना आणि सासूबाई धरून, ती पाने पाहायला बसले की काय छाटायचे आणि कशाला हात लावायचा नाही हे वहीवरूनच दिसू लागते. बहुतेक घरांत पाळणाघराचे पान समारंभांच्या पानापेक्षा लहान निघते.

पाळणाघर ठरवताना दोन-तीन वेळा, न कळवता, वेगवेगळ्या वेळी जाऊन यावे. एका बाईकडे किती मुले आहेत, मूल आजारी पडले तर कोणाला कळवतात, सुट्टीच्या महिन्यात पैसे द्यावे लागतात का, हे विचारून घ्यावे आणि दरमहा पावती मागावी. मुलगी तीन वर्षांची होऊन बालवाडीत जाऊ लागली की ६,५०० मधील बराचसा भाग मोकळा होतो. तो घरखर्चात विरघळू न देता त्याच महिन्यापासून तिच्या शिक्षणाच्या आवर्त ठेवीकडे वळवावा. बँकेला तशी स्थायी सूचना देऊन ठेवली की दरमहा आठवण करून देण्याचे काम कोणाकडे राहत नाही.